ॲम्प बदलण्याआधी एवढं बघा

गाडीतली गाणी बंद पडली की घरात एकच निष्कर्ष निघतो, "ॲम्प उडाला." दुकानदारही मान डोलावतो आणि नवा ॲम्प काढून दाखवतो. पैसे देण्याआधी थोडं थांबा. ॲम्प कधी जळतोही, पण पुष्कळदा दोष त्याच्यापर्यंत येणाऱ्या वायरीत निघतो. तो तसाच राहिला तर नवा ॲम्पही गप्पच बसेल.

दोन ॲम्पची गाडी धरून चालू. एक दारांतल्या स्पीकरसाठी, दुसरा डिक्कीतल्या वूफरसाठी. जुनी गाडी घेतली असेल तर ही जोडणी कुणी आणि कशी केली, हे तुम्हाला ठाऊक नसणार. म्हणून काहीच गृहीत धरू नका.

पहिला प्रश्न स्वतःला विचारा. सगळंच बंद आहे, की एकच बाजू? घरात सगळ्या नळांचं पाणी गेलं तर आपण गच्चीवरची टाकी बघतो. एकच नळ कोरडा असेल तर तोच नळ. इथेही तसंच. दोन्ही ॲम्प एकदम बंद पडले असतील, तर दोघांना जे सामाईक आहे ते तपासा: बॅटरीजवळचा मोठा फ्यूज, मागे जाणारी जाड वायर, डेककडून येणारी चालू-बंदची बारीक वायर. एकच ॲम्प बंद असेल, तर या सामाईक गोष्टींना हात लावायचं कारण नाही.

आता फ्यूज. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून निघणाऱ्या जाड वायरीवर, बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत, फ्यूज असायलाच हवा. नसेल तर गाण्यांचं नंतर बघू, आधी तो बसवून घ्या. ही वायर पत्र्याला घासून सोलली आणि मध्ये फ्यूज नसला, तर ती तापून गाडी पेटू शकते. फ्यूज त्या वायरीच्या रक्षणासाठी असतो. म्हणून उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच आकड्याचा फ्यूज लावा. साठचा उडाला म्हणून शंभरचा लावू नका. चांदीचा कागद गुंडाळून तर कधीच नको. तोच फ्यूज पुन्हा उडाला, तर कुठेतरी वायर टेकते आहे असं समजा आणि ती सापडेपर्यंत सिस्टीम बंद ठेवा.

यापुढे एक साधा मल्टिमीटर लागेल. वापरता येत नसेल तर ओळखीच्या वायरमनला शेजारी बसवा.

इंजिन चालू नसताना चांगल्या बॅटरीवर साडेबाराच्या आसपास व्होल्ट दिसतात. इंजिन चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत ते चौदाच्या जवळ जातात. आता इंजिन चालू ठेवून गाणी नेहमीच्या आवाजात लावा. आधी बॅटरीवर मोजा, मग ॲम्पच्या स्क्रूंवर. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर वाटेत काहीतरी सैल, गंजलेलं किंवा बारीक आहे. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त वायर इथे हमखास फसवते.

बहुतेक वेळा दोषी निघतं ते अर्थिंग. ॲम्पची काळी वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. खाली रंग तसाच ठेवून स्क्रू मारला असेल, तर करंट नीट जात नाही. आपल्याकडे चार महिने पावसाचे. डिक्कीच्या रबरातून पाणी झिरपतं आणि हा स्क्रू गंजतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. मीटरची काळी पिन ॲम्पच्या निगेटिव्हवरून काढून दुसरीकडे उघड्या पत्र्यावर ठेवा. आकडा वाढला, तर अर्थिंग कच्चं. रंग खरवडा, पत्रा चकचकीत करा, दोन्ही ॲम्पचं अर्थिंग एकाच जागी आखूड वायरीने घट्ट करा. हे करण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढून ठेवा. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थिंग देऊ नका. नवं भोक पाडायचं असेल तर खाली पेट्रोलची टाकी आहे का, ते वाकून बघा.

ॲक्सिलरेटर दाबला की कुईं करून चढणारा आवाज येतो? बहुतेकदा याच्याही मुळाशी अर्थिंगच असतं. सिस्टीम बंद करा, ज्या ॲम्पच्या स्पीकरमधून कुईं येते त्याला डेककडून येणारी आरसीए वायर काढा आणि पुन्हा चालू करा. कुईं थांबली, तर ती त्या वायरीतून किंवा डेककडून येते आहे. थांबली नाही, तर ॲम्पची पॉवर आणि अर्थिंग बघा.

सकाळी गाडी सेल्फ घेत नसेल, तर डेककडून येणारी ती चालू-बंदची बारीक वायर तपासा. बहुधा निळी असते. डेक चालू असताना तिच्यावर बारा व्होल्ट, बंद केल्यावर शून्य हवं. डेक बंद असतानाही बारा येत असतील, तर ॲम्प रात्रभर जागे राहून बॅटरी पितात. आणखी एक. डेकची ही वायर नाजूक असते. तिच्यावर दोन-तीन ॲम्पचा भार टाकला की कधी चालू, कधी बंद असा खेळ होतो. मध्ये रिले बसवायला सांगा. खर्च फार नाही.

ॲम्पवर लाल दिवा लागला असेल तर बहुधा ॲम्प स्वतःला वाचवतो आहे. सिस्टीम बंद करा, त्याच्या सगळ्या स्पीकरवायरी काढा आणि परत चालू करा. दिवा नेहमीसारखा झाला, तर दोष स्पीकरच्या बाजूला. दाराच्या बिजागरीपाशी चिमटलेली वायर आधी बघा. उंदरांनाही ही जागा आवडते. मग मीटरने स्पीकर मोजा. चार ओहमचा स्पीकर साधारण तीन ते चारच्या मध्ये दाखवतो. शून्य किंवा काहीच नाही, म्हणजे स्पीकर गेला. सगळं काढूनही लाल दिवा राहिला आणि पॉवर, अर्थिंग ठीक असलं, तेव्हा कुठे ॲम्प दुरुस्तीला न्या.

ॲम्प सीटखाली असेल तर तिथल्या पिवळ्या आवरणाच्या वायरींना हात लावू नका, टेस्टरही टोचू नका. त्या बहुधा एअरबॅगच्या असतात.

दुकानात गेलात तर "आवाज येत नाही" एवढंच सांगू नका. "बॅटरीवर इतके व्होल्ट, ॲम्पवर इतके, स्पीकर काढल्यावर दिवा गेला," असं सांगा. आकडे कागदावर लिहून न्या. जुना ॲम्प बदलला तर तो परत मागा. आणि कोणता फ्यूज कोणत्या ॲम्पचा, किती आकड्याचा, याची चिठ्ठी दुकानदाराकडूनच लिहून घेऊन बॉनेटखाली फ्यूजच्या झाकणाला चिकटवा.