जुनी गाडी किलोवर देताय? आधी तिचे पार्ट आणि तिचे कागद बघा

पनवेल : पनवेल, उरण, खालापूर, कर्जत... कुठल्याही तालुक्यात फिरा, एखाद्या घरामागे, आंब्याखाली नाहीतर गोठ्याच्या कडेला जुनी गाडी उभी दिसतेच. कुठे फियाट, कुठे महिंद्राची जीप, कुठे राजदूत किंवा बजाजची चेतक. आता जागेला भाव आलाय, नवी घरं उभी राहतायत आणि अडगळ म्हणून ही गाडी भंगारवाल्याकडे जाते. तो वजन करतो, किलोचा भाव लावतो आणि गाडी उचलून नेतो.

या व्यवहारात दोन गोष्टी मागे राहतात. एक म्हणजे गाडीचे पार्ट, जे कुणीतरी शोधत फिरतोय. दुसरी म्हणजे सरकारी नोंद, जी तुमच्याच नावावर असते.

पार्ट का मिळत नाहीत?

फियाटचंच उदाहरण घ्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. पद्मिनीचं उत्पादन बंद होऊन आता वीस वर्षांहून जास्त झाली. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपल्याने बंद झाली.

पण हौशी माणसं आहेत. कुणी आजोबांची गाडी पुन्हा उभी करतो, कुणी लग्नाच्या वरातीसाठी चकचकीत करून ठेवतो. ब्रेकचं सामान, रबर, वायरिंग ही कामं मेकॅनिक काहीतरी करून भागवतो. अडतं ते मूळ कार्बोरेटर, पुढची जाळी, टेललॅम्पची काच, स्टेअरिंगवरचा गिअरचा दांडा अशा वस्तूंपाशी. त्या कारखान्यातून येत नाहीत, दुसऱ्या जुन्या गाडीतूनच काढाव्या लागतात. म्हणून लोक कुर्ल्याच्या भंगार बाजारात, चोरबाजारात आणि हायवेच्या कडेच्या गोदामांत चकरा मारतात. आपल्याकडे कळंबोलीला लोखंडाचा मोठा बाजार आहे. पण लोखंडाच्या धंद्यात वजनाला किंमत असते. गाडी एकदा कापून भट्टीकडे गेली की तिच्यातला पार्ट कायमचा गेला.

कायद्याचा पेच

केंद्राने जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी यात बसते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठी.

यातली मोठी अट म्हणजे गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेला चालत नाही. गावाकडच्या किती जीप आणि फियाटमध्ये पुढे डिझेल इंजिन बसवलं गेलं, हे मेकॅनिक लोकांना विचारा. म्हणजे कायदा म्हणतो मूळ रूप ठेवा, मूळ पार्ट मात्र भंगाराशिवाय कुठे नाहीत.

शिवाय ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या गाड्या मध्येच लटकल्यात. पन्नास वर्षं झाली नाहीत म्हणून त्या विंटेज नाहीत, आणि जुन्या म्हणून त्यांचा खर्च चढा. पंधरा वर्षांनंतर कारची नोंदणी नव्याने करायची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५ हजार झाली. वीस वर्षांवरच्या कारला ऑगस्ट २०२५ पासून १० हजार आणि दुचाकीला २ हजार. चालू दर परिवहनच्या साइटवर बघून घ्या. एवढा खर्च करण्यापेक्षा विकून टाकू, असं घरच्यांना वाटणं साहजिक आहे.

विकणाऱ्याने काय करावं?

गाडी गेली तरी आरसी तुमच्या नावावर चालू राहते. त्या चेसिस नंबरचा किंवा नंबर प्लेटचा कुणी गैरवापर केला, तर पोलीस आधी तुमचं दार वाजवतील. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली की मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवायचं असतं. पनवेलची एमएच ४६ असो की पेणची एमएच ०६, अर्ज करून नोंद रद्द करून घ्या. चेसिस नंबरचा कापलेला तुकडा जपून ठेवा, तिथे मागतात.

२०२१ च्या नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त स्क्रॅप केंद्रात गाडी दिली तर जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं. ते दाखवून नव्या गाडीच्या नोंदणी फीमध्ये माफी आणि राज्याने ठरवलेली करसवलत मिळते.

घेणाऱ्याने काय करावं?

पार्ट घेताना बिल घ्या. बिल देत नसेल तर निदान कोणत्या गाडीतून काढला त्याचा नंबर लिहून घ्या. चोरीचा माल माहीत असून किंवा तसा संशय येण्यासारखी परिस्थिती असून घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अख्खं इंजिन बदलणार असाल तर त्यासाठी आरटीओची परवानगी लागते, आणि बदल आरसीवर चढवावा लागतो.

मग मार्ग काय?

सरकारचं सगळं लक्ष गाडी रस्त्यावरून काढण्याकडे आहे. धूर कमी होतो, लोखंड परत वापरात येतं, ते चांगलंच आहे. पण कापण्याआधी कामाचे पार्ट काढून, नंबरासह नोंद करून, बिलावर विकायची सोय प्रत्येक स्क्रॅप केंद्रात सक्तीची केली तर तिघांचा फायदा आहे. मालकाला किलोपेक्षा जास्त भाव मिळेल, हौशी माणसाला कायदेशीर पार्ट मिळेल आणि चोरीच्या मालाचं गिऱ्हाईक कमी होईल.

तोपर्यंत एवढं करा. भंगारवाल्याला बोलवायच्या आधी गावातल्या जुन्या मेकॅनिकला गाडी दाखवा. कशाला किंमत आहे ते त्याला बरोबर कळतं.