सांधेदुखीचा ताप डोक्यात जातो तेव्हा

पावसाळा सरत आला की हातकणंगले तालुक्यातल्या दवाखान्यांत ताप आणि सांधेदुखीचे रुग्ण वाढतात. डेंग्यू, चिकुनगुनिया, टायफॉइड ही नावे आता घरोघरी पाठ झाली आहेत आणि बहुतेक वेळा निदानही त्यांतलेच निघते. पण अँटिबायोटिकचा कोर्स संपला, तपासण्या निगेटिव्ह आल्या, तरी रोज ठरावीक वेळी १०२ अंशांच्या वर ताप चढतोच आहे, घसा आणि सांधे दुखत आहेत, तर एका दुर्मीळ संधिवाताचा विचार करावा लागतो. त्याचे नाव ‘स्टिल्स डिसीज’.

लंडनचे डॉक्टर जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ मध्ये लहान मुलांमधील या आजाराचे वर्णन केले. १९७१ मध्ये एरिक बायवॉटर्स यांनी तो प्रौढांतही दाखवून दिला. मुलांचा आणि मोठ्यांचा आजार वेगळा, असे पुढे बराच काळ मानले गेले. युरोपातील संधिवात आणि बालसंधिवात तज्ज्ञांच्या संघटनांनी २०२४ मध्ये हे दोन्ही एकच असल्याचे सांगितले. लवकर उपचार आणि गुंतागुंतीवर नजर, यांवर त्यांनी भर दिला आहे.

या आजारात जंतू नसतानाही शरीराची संरक्षक यंत्रणा पेटून उठते. कोविडकाळात ऐकलेले ‘सायटोकाइनचे वादळ’ याच जातीचे. ही रसायने मेंदूतल्या तापमान केंद्राला चेतवतात, म्हणून ताप येतो. थकवा येणे, लक्ष न लागणे यांतही त्यांचा वाटा असतो.

खरा धोका पुढे असतो. साधारण दहातल्या एका रुग्णात मॅक्रोफेज या पेशी अनावर होऊन स्वतःच्याच रक्तपेशी गिळू लागतात. वादळ मेंदूपर्यंत पोचले तर रुग्ण असंबद्ध बोलतो, गुंगीत जातो, झटके येतात. वेळेत उपचार झाले नाहीत तर जीव जाऊ शकतो.

इथे रिपोर्ट वाचताना फसगत होते. प्लेटलेट कमी झालेल्या दिसल्या की डेंग्यू वाटतो. आधी वाढलेला ईएसआर अचानक खाली येतो आणि घरच्यांना हायसे वाटते. प्रत्यक्षात तो रक्तातले फायब्रिनोजेन संपत चालल्याने उतरलेला असतो. अशा वेळी फेरिटिन तपासले तर ते हजारोंच्या घरात सापडते. मात्र एकट्या फेरिटिनवर निदान होत नाही. जंतुसंसर्ग, क्षय, रक्ताचा कर्करोग आधी वगळावे लागतात. चिकुनगुनियाही मेंदूपर्यंत पोचतो, हे २०२४ मध्ये पुण्याने पाहिले आहे.

घरच्यांनी दोन गोष्टी कराव्यात. तापाच्या वेळा वहीत लिहाव्यात. तापाबरोबर येणारे आणि त्याच्याबरोबरच मावळणारे फिकट गुलाबी पुरळ मोबाइलवर टिपावे. सावळ्या कातडीवर ते सहज दिसत नाही. स्टेरॉइड आणि नवी जैविक औषधे या आजारावर चालतात, पण निदानाआधी ‘ताकदीचे’ म्हणून घेतलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन खुणा झाकून टाकते.

आणि रुग्ण बरळू लागला, हाक मारल्यावर नीट ओ देईना, तर ‘तापाने होतंय, झोपला की बरं वाटेल’ म्हणून सकाळची वाट पाहू नये. कोल्हापूर आणि मिरज, दोन्ही इथून तासाभराच्या आत आहेत. त्याच रात्री निघावे.