उंदीर उचलावा कसा?

प्रयोगशाळेतला उंदीर पिंजऱ्यातून काढायचा तर शेपटीला धरून, ही वर्षानुवर्षांची रीत. लिव्हरपूल विद्यापीठाच्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० मध्ये नेमकं तिच्यावरच बोट ठेवलं. शेपटीने उचललेला उंदीर पुढच्या वेळी हात दिसताच अंग चोरतो, भीतीने लघवी करतो. तोच प्लास्टिकच्या नळीतून किंवा ओंजळीत अलगद उचलला, तर माणसाच्या हाताजवळ आपणहून येतो. घाबरलेल्या जिवावर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष तरी कितपत भरवशाचे?

अशा संशोधनाचा सन्मान नव्या औषधाच्या शोधाइतक्याच मानाने व्हायला हवा, असं आम्हाला मनापासून वाटतं. प्राण्यांना पर्याय शोधा, त्यांची संख्या घटवा, यातना कमी करा, ही त्रिसूत्री रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्येच मांडली. ब्रिटनमध्ये २००४ साली स्थापन झालेलं 'एनसीथ्रीआर्स' हे केंद्र त्यासाठी पारितोषिकही देत आलं आहे. आपल्याकडे प्राण्यांवरील क्रूरता रोखणारा १९६० चा कायदा आहे, प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती आहे. पण नियम मोडल्यास जाब विचारणं वेगळं आणि प्राण्यांचा त्रास कमी करणाऱ्याची पाठ थोपटणं वेगळं. विज्ञान संस्थांनी आपल्या वार्षिक पुरस्कारांत या कामासाठी एक जागा राखावी. आणि त्यात रोज पिंजरे साफ करणाऱ्या, प्राण्यांना दाणापाणी देणाऱ्या कर्मचाऱ्यांचाही विचार व्हावा. कुठला उंदीर आज खात नाही, हे सर्वात आधी त्यांनाच कळतं.