पास्ट्रामी प्राचीन नाही. म्हणूनच ती जपायला हवी

१/ 'ज्यूंची हजारो वर्षांची खाद्यपरंपरा' अशा मथळ्याखाली न्यूयॉर्कच्या एखाद्या डेलीतील वीतभर उंच सँडविचचे छायाचित्र दर काही महिन्यांनी फिरू लागते. खाली प्रतिसादही ठरलेले. एक गट हळहळतो, की असा पुरातन ठेवा नामशेष होत आहे. दुसरा गट हिणवतो, की हे तर अमेरिकन खाणे, यात परंपरा कसली? हे दोन गट एकमेकांचे शत्रू वाटतात; पण दोघांचे गृहीतक एकच आहे. जेवढे जुने तेवढे अस्सल. हा धागा त्या गृहीतकाविरुद्ध आहे. लांब आहे, सवडीने वाचा.

२/ प्रथम शब्द. 'डेलिकाटेसेन' हा जर्मन शब्द. अर्थ, उंची खाद्यपदार्थ. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कमध्ये अशी दुकाने थाटली ती जर्मन स्थलांतरितांनी, आणि तेथे डुकराचे मांसही बिनदिक्कत विकले जाई. म्हणजे ज्या संस्थेला आज आपण ज्यू संस्कृतीचे प्रतीक मानतो, तिचे नाव आणि मूळ साचा दोन्ही उसने आहेत. यात लाजण्यासारखे काही नाही. उसने घेतलेले भांडे स्वतःच्या चुलीवर चढवणे हीच तर स्थलांतरितांची कला.

३/ १८८१ मध्ये झार अलेक्झांडर दुसरा मारला गेला आणि रशियन साम्राज्यात ज्यूंविरोधी दंगलींची लाट उसळली. तेव्हापासून १९२४ च्या कायद्याने अमेरिकेची दारे जवळपास बंद होईपर्यंत पूर्व युरोपातील वीस लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेत आले. मागे सोडलेल्या गावांत ते काय खात होते? काळी पाव, बटाटा, कोबी, कांदा, खारवलेला हेरिंग मासा. मांस असलेच तर शब्बाथच्या ताटात, तेही बेताचे. दोन पावांमध्ये गोमांसाचा ढीग रचून मंगळवारी दुपारी खाणे हे त्या गावातील सामान्य माणसाच्या कल्पनेतही बसले नसते. तेव्हा 'आजोबांच्या गावची चव' ही जाहिरातीची भाषा आहे, इतिहासाची नव्हे.

४/ पास्ट्रामीचीच वंशावळ पाहा. तुर्की 'पास्तिर्मा' म्हणजे दाबून वाळवलेले मांस. ऑटोमन सत्तेच्या छायेत ते रोमानियात पोहोचले. तेथील ज्यूंनी ते हंसाच्या मांसावर वापरले. हे लोक न्यूयॉर्कला आले, तर तेथे हंस महाग आणि बैलाच्या पोटाकडचा चरबीदार भाग स्वस्त. मांस बदलले, तंत्र राहिले : मिठाच्या पाण्यात दीर्घकाळ मुरवणे, वरून धणे-मिऱ्याचा जाड थर, मग धूर, मग वाफ. तुर्की नाव, रोमानियन हात, अमेरिकन जनावर आणि कॅरवेचे दाणे घातलेली राय धान्याची पाव. यातला कोणता घटक 'शुद्ध' आहे, ते शुद्धतावाद्यांनी सांगावे.

५/ मग यात ज्यू ते काय? पदार्थ नव्हे, नियम. मांस आणि दूध एकत्र नाही. डुक्कर तर नाहीच. मांसाबरोबर लोणी चालत नाही म्हणून कोंबडीची चरबी कढवून 'श्माल्त्स' तयार झाले. दुधाचे पदार्थ मांसाच्या दुकानात ठेवता येत नाहीत म्हणून न्यूयॉर्कमध्ये दुकानांचा वेगळाच प्रकार जन्मला, 'अ‍ॅपेटायझिंग'. खारवलेले, धुरावलेले मासे आणि क्रीम चीज तेथे, मांस डेलीत. १९१४ मध्ये सुरू झालेले 'रस अँड डॉटर्स' हे अशा दुकानांपैकी आजही चालू असलेले. बेगल-सामन मासा-क्रीम चीजला सरसकट 'डेली फूड' म्हणणाऱ्यांनी एवढा भेद तरी लक्षात ठेवावा.

६/ (हा नियम आपल्याला परका नाही. कोकणातील बेने इस्रायली, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावकरी 'शनवार तेली' म्हणत, तेही मांसात दूध-दही घालत नाहीत. रस्सा दाट होतो तो नारळाच्या दुधाने. तेथे कोंबडीची चरबी, येथे नारळ. एकाच नियमातून निघालेली दोन स्वयंपाकघरे. 'ज्यू खाणे' म्हणजे फक्त पास्ट्रामी असे मराठीत लिहिणाऱ्यांनी अलिबागकडे एकदा वळून पाहावे.)

७/ आता त्या गोड आठवणींतून नेहमी गाळला जाणारा भाग. मे १९०२. लोअर ईस्ट साइडमध्ये कोशर गोमांसाचा भाव पौंडाला १२ सेंटवरून १८ सेंटवर गेला. मुळाशी मांसव्यापारातील बड्या कंपन्यांची मक्तेदारी होती. गृहिणी रस्त्यावर उतरल्या. घरोघर फिरून त्यांनी बहिष्कार संघटित केला, दुकानांत शिरून मांस रस्त्यावर फेकले, त्यावर रॉकेल ओतले, पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेल्या. जूनच्या सुरुवातीला भाव १४ सेंटपर्यंत उतरला. ज्या मांसाच्या नावाने आज हळवे लेख लिहिले जातात, ते परवडावे म्हणून बायकांनी दिलेला हा लढा. एकाही सँडविचच्या छायाचित्राखाली त्यांचा उल्लेख का नसतो?

८/ १९३० च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्क शहरात सुमारे दीड हजार कोशर डेली होत्या. ही संख्या चवीने वाढलेली नव्हती. शिवणकारखान्यात दिवसभर राबलेल्यांना तयार अन्न लागे. दाटीवाटीच्या खोल्यांत बसायला जागा नसे. सिनॅगॉगपासून दुरावलेल्या दुसऱ्या पिढीला आपल्या लोकांत बसण्यासाठी एक दुकान पुरे होत असे. यिद्दिश बोलली जाई, राजकारणावर भांडणे होत, वाढपी गिऱ्हाइकालाच सुनावत. डेली ही खाणावळ कमी आणि चावडी अधिक होती.

९/ ती वीतभर उंची? माझ्या मते ती परंपरा नव्हेच. ती ब्रॉडवेची जाहिरात. स्टेज डेली आणि कार्नेगी डेली, दोन्ही १९३७ च्या, नाट्यगृहांच्या परिसरातल्या. तेथे सँडविचना नटनट्यांची नावे दिली जात आणि आकार हाच तमाशा होई. स्टेज २०१२ मध्ये बंद पडली, कार्नेगी २०१६ च्या शेवटच्या दिवशी. वर्तमानपत्रांनी अग्रलेखी अश्रू ढाळले ते या दोघींसाठी. उपनगरांत आणि ब्रॉन्क्सच्या गल्ल्यांत त्याआधी शेकडो साध्या डेली गुपचूप मिटल्या, त्यांच्यासाठी कोणी रडले नाही.

१०/ त्या का मिटल्या? 'नव्या पिढीने परंपरा सोडली' हे आवडते उत्तर आहे, आणि आळशी आहे. १९२४ च्या कायद्याने नवे कारागीर येणे थांबले. ज्या गावांतून ते आले असते, ती गावे नाझींनी माणसांसकट पुसून टाकली. साठ लाख ज्यू मारले गेले, त्यांत यिद्दिश बोलणारेच बहुसंख्य. उरलेल्यांची मुले शिकली, उपनगरांत गेली, आणि आईबापांनी दुकानात उभे राहून पाय सुजवले ते याचसाठी. पुढे सुपरमार्केटने पाकीटबंद पास्ट्रामी विकायला काढली. आणि मग आले भाडे.

११/ 'सेकंड अ‍ॅव्हेन्यू डेली' घ्या. संस्थापक एब लेबेवोल हा युद्धातून वाचलेला निर्वासित; १९५० मध्ये अमेरिकेत आला, १९५४ मध्ये त्याने दुकान काढले. तो रस्ता एकेकाळी यिद्दिश रंगभूमीचा राजमार्ग होता. नाट्यगृहे संपली तेव्हा या माणसाने आपल्या दारासमोरच्या फरसबंदीवर यिद्दिश नटनट्यांच्या नावांचे तारे बसवले. सरकारने नाही, विद्यापीठाने नाही, एका सँडविच विकणाऱ्याने. मार्च १९९६ मध्ये बँकेत रोकड भरायला जाताना त्याचा खून झाला. खुनी आजही मोकळा आहे. त्याच्या भावाने दुकान चालवले. पण महिन्याचे भाडे २४ हजार डॉलरवरून ३३ हजारांवर जाणार म्हणून जानेवारी २००६ मध्ये ते बंद करावे लागले. जागेवर बँकेची शाखा आली. पुतण्याने २००७ च्या अखेरीस दुसऱ्या रस्त्यावर दुकान पुन्हा उघडले, पण तारे तेथे नेता आले नाहीत. ते बँकेसमोर झिजत पडले.

१२/ उलट कॅट्झ पाहा. स्वतःची स्थापना १८८८ ची सांगणारी ही डेली आजही ह्यूस्टन स्ट्रीटवर उभी आहे. चव उत्तम आहेच. पण इमारत मालकीची आहे, हे कारण चवीपेक्षा मोठे. ज्यांना खरोखर ही संस्कृती वाचवायची आहे त्यांनी पाककृतीच्या आधी भाडेकरार वाचावा.

१३/ येथे कोणी म्हणेल, कॅट्झ तर कोशर नाही. शब्बाथलाही उघडी असते. तेथे मांसावर चीज मिळते. मग ती ज्यू कशी? प्रश्न रास्त आहे. धर्मशास्त्राच्या कसोटीवर ती उतरत नाही. पण 'कोशर-स्टाइल' हा तडजोडीचा प्रकार ज्यू समाजानेच घडवला : नियम सैल, पण ओळख घट्ट. धर्म पाळणाऱ्यांना त्यात खोट दिसणे स्वाभाविक आहे. इतिहास लिहिणाऱ्याने मात्र ती तडजोड खोडून टाकता कामा नये. विसाव्या शतकातील अमेरिकन ज्यू जीवनाचा तोच सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज आहे.

१४/ म्हणून जपायचे ते काय? मांस आठवडेच्या आठवडे मुरवण्याचा संयम. कारखान्यात सुया टोचून खारे पाणी भरले की काही तासांत काम होते, पण तो पदार्थ वेगळा. मांसाचे धागे कोणत्या दिशेने धावतात हे बोटांनी ओळखून हाताने काप काढणारा, आणि त्याला परवडेल असा पगार. पावाची भट्टी. वाढप्याची तिरकस जीभ. लॉस एंजेलिसची लँगर्स १९४७ पासून आणि माँट्रियलची श्वार्ट्झ १९२८ पासून हे करत आल्या आहेत. माँट्रियलकर तर आपल्या मांसाला पास्ट्रामी म्हणू देत नाहीत, 'स्मोक्ड मीट' म्हणायचे. भांडण अजून चालू आहे, हे चांगले लक्षण.

१५/ पुन्हा ते छायाचित्र दिसले तर 'हजारो वर्षे' खोडा आणि 'सव्वाशे-दीडशे वर्षे' लिहा. सोबत १९०२ च्या बायकांचा उल्लेख करा. त्या बहिष्काराला स्वतंत्र धागा हवा, पुढचा तोच.