बसण्याचे पैसे

इटलीत जेवायला बसण्याचे पैसे पडतात. जेवणाचे वेगळे, हे नुसत्या बसण्याचे! त्याला 'कोपेर्तो' म्हणतात. टेबलक्लॉथ, काटे-चमचे आणि पाव यांचं माणशी भाडं. पाव खा, नाहीतर नुसता बघा. रोमच्या लात्सिओ प्रांतानं 2006 साली कायदा करून यावर बंदी घातली. आम्ही उभयता जेवायला बसलो ते शेजारच्या काम्पानियात, पोझितानोला!

खाली समुद्र, मागे डोंगराला चिकटलेली घरं, पुढ्यात स्पॅगेटी व्होंगोले. व्होंगोले म्हणजे आपल्या तिसऱ्याच हो! लसूण, ऑलिव्हचं तेल. ना खोबरं, ना कोकम. मोजल्या. 14 निघाल्या. (कारकुनाची खोड.)

माझं म्हणणं एवढंच, की समुद्राचे पैसे घ्यायचेत ना? मग उघड घ्या, पावाच्या खात्यावर कसले टाकता! वेटरनं शांतपणे मेनूकार्डाच्या तळाची बारीक अक्षरांतली ओळ दाखवली. मी गप्प. गेली 20 वर्षं काउंटरवर बसून मी गिऱ्हाइकांना नेमकी असलीच ओळ दाखवत आलोय.

"अहो, डोंगरावर दिवे लागले, बघितलेत का?" ही म्हणाली.

मी बिलाची बेरीज दुसऱ्यांदा करत होतो.