पुडक्यावरची मोहोर

ज्या घरांत खेळयंत्र आहे, त्या घरांत दिवाळीच्या सुट्टीत एक वाक्य हटकून ऐकू येते. “बाबा, अपडेट आलंय, घेऊ का?” बाबा वर्तमानपत्रातून मान वर न काढताच “घे” म्हणतात. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत जाते, यंत्र एकदा मिटते, पुन्हा उजळते आणि मुले खेळाला लागतात. घरात काय आले, ते कोणी धाडले, आणि येताना त्याने घरातले काही उचलून तर नेले नाही ना, याची चौकशी कोणी करीत नाही. दारावर आलेल्या बोहारणीला जुने लुगडे देऊन पातेले घेताना आपण अर्धा तास घासाघीस करतो. हा पाहुणा मात्र सरळ माजघरात जातो!

तेव्हा वाचकहो, या दिवाळीला हे पुडके सोडून आत काय आहे ते पाहू या. उदाहरणादाखल सोनी कंपनीचे ‘प्लेस्टेशन ३’ हे यंत्र घेऊ. ते २००६ सालच्या नोव्हेंबरात जपानात आणि अमेरिकेत विक्रीला आले. त्याची धाकटी भावंडे आता घरोघर आली आहेत. तरी त्याचीच निवड करण्याचे कारण असे की, त्याच्या पुडक्याची घडी जाणत्या लोकांनी पुरती उलगडून ठेवली आहे. शिवाय त्या पुडक्यापायी पुढे जे घडले, ते प्रत्येक घरमालकाने ऐकावे असे आहे.

प्रथम ‘फर्मवेअर’ म्हणजे काय ते पाहू. खेळ तबकडीवर असतो. पण तबकडी फिरवायची कशी, पडद्यावर अक्षरे उमटवायची कशी, हातातल्या बटणांचे ऐकायचे कसे, हे यंत्राला खेळाच्या आधीच ठाऊक असावे लागते. वीज गेली तरी विसरायच्या नाहीत अशा या सूचना यंत्राच्या पोटात लिहून ठेवलेल्या असतात. त्यांनाच फर्मवेअर म्हणतात. त्या पुसून नव्या लिहिता येतात, आणि नव्या सूचना ज्या बांधणीतून येतात तेच आपले पुडके.

या पुडक्याचे नाव ‘पीएस३अपडॅट’, आणि टिंबापुढे ‘पप’. इंग्रजी ‘अपडेट’ शब्दाचे शेवटचे अक्षर त्यातून गळले आहे, ते लिहिणाऱ्याच्या नजरचुकीने नव्हे. नावाला आठ अक्षरे आणि आडनावाला तीन, अशी जुन्या ‘डॉस’ प्रणालीच्या काळची शिस्त होती, तिची खूण येथे दिसते. ‘प्लेस्टेशन ४’च्या पुडक्यावर मात्र ‘अपडेट’ हा शब्द पुरता लिहितात.

परदेशी असलेल्या मुलाला फराळाचे पार्सल धाडताना आपण खोक्यावर यादी चिकटवतो. चकल्या इतक्या, लाडू इतके, एकूण वजन इतके. या पुडक्याची सुरुवातही अशाच यादीने होते. पहिल्या आठ बाइटांत (बाइट म्हणजे एक इंग्रजी अक्षर मावेल एवढे घर समजावे) एस, सी, ई, यू, एफ ही पाच अक्षरे आणि तीन शून्ये असतात. पहिली तीन अक्षरे ‘सोनी कॉम्प्युटर एंटरटेनमेंट’ या तेव्हाच्या कंपनीची आद्याक्षरे होत. यंत्राने ही पाच अक्षरे पाहिली की त्याला कळते, हे आपल्याच घरचे पुडके दिसते. त्यापुढे पाच आकडे येतात: बांधणी कोणत्या पद्धतीची, आतल्या मालाचा क्रमांक कोणता, नग किती, यादी किती लांब आणि माल किती लांब. प्रत्येक आकड्याला आठ बाइटांची जागा. म्हणजे मथळा अवघ्या ४८ बाइटांत आटोपतो. मग एकेका नगासाठी ३२ बाइटांची एकेक ओळ असते. नगाचा क्रमांक, तो पुडक्यात कोठून सुरू होतो आणि किती लांब आहे, एवढे त्या ओळीत लिहिलेले असते. अलीकडची पुडकी सुमारे २०० मेगाबाइटांची असतात; त्यांच्या मानाने ही यादी म्हणजे हत्तीच्या गळ्यातली घंटा!

यादीबरहुकूम आत पाहिले तर पहिला नग अगदी साधा निघतो. आवृत्तीचा आकडा लिहिलेली चिठ्ठी, कोणालाही वाचता येईल अशी. दुसरा नग म्हणजे करारनामा. तोही वाचता येतो, पण वाचतो कोण? त्यानंतर एक आज्ञावली येते. नवे सामान यंत्रात बसवण्याचे काम तिचे. म्हणजे कपाटाबरोबर ते लावणारा सुतारही गाडीतूनच यावा, तशी ही व्यवस्था आहे.

खरा माल एका मोठ्या गाठोड्यात असतो, आणि या गाठोड्याची बांधणी पाहून मौज वाटते. तिला ‘टार’ म्हणतात. टेप आणि आर्काइव्ह या दोन शब्दांची अक्षरे जोडून हे नाव झाले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९७९ साली युनिक्स प्रणालीची सातवी आवृत्ती काढली, तिच्याबरोबर ही पद्धत आली. त्या काळी माहिती चुंबकीय फितीच्या रिळांवर साठवीत. फितीवर उड्या मारणे अवघड, म्हणून सर्व जिन्नस एकामागून एक ठेवायचे, प्रत्येकाच्या आधी नाव, आकार आणि तारीख लिहिलेला ५१२ बाइटांचा एक ठोकळा घालायचा, असा प्रघात पडला. रिळे गेली, पण त्यांच्यासाठी शिवलेली पिशवी अजून चालू आहे. चांगली पिशवी कोण टाकतो?

या पिशवीत पुन्हा निरनिराळी पुडकी असतात. एकात यंत्राची मूळ प्रणाली, काहींत पडद्यावरचा मेनू, अक्षरांचे ठसे आणि इतर साहित्य, एकात ब्लू-रे तबकडी फिरवणाऱ्या भागाच्या सूचना, एकात बिनतारी ब्लूटूथच्या, एकात वीज चालू-बंद करणाऱ्या भागाच्या. प्रत्येक पुडके कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक लिपीत लिहिलेले. कुलूप काढावे तर काहींच्या आत आणखी एक टारची पिशवी! कांद्याच्या पाकळ्याच म्हणायच्या.

आता मोहोरेकडे वळू. या पुडक्याला दोन प्रकारच्या मोहरा असतात. पहिली यादीजवळ. प्रत्येक नगाचा २० बाइटांचा एक ठसा गणिताने काढून तिथे लिहिलेला असतो, आणि खुद्द यादीचाही एक. नगातले एक अक्षर बदलले तरी ठसा पार बदलतो. तो काढताना एक गुप्त किल्ली मिसळावी लागते. अडचण एवढीच की, ठसा तपासायलाही तीच किल्ली लागते. तेव्हा ती प्रत्येक यंत्रात ठेवणे आले; आणि लाखो घरांत ठेवलेली किल्ली फार दिवस गुप्त राहत नाही. ज्याच्या हाती ती लागली तो नवा ठसाही उमटवू शकतो. म्हणून वाटेत काही बिघडले का, हे पाहायला ही मोहोर उत्तम. पण तिच्यावर सगळा भरवसा ठेवता येत नाही.

दुसरी मोहोर आतल्या पुडक्यांवर असते. ती खरी लाखेची. तिच्या दोन किल्ल्या. एक गुप्त, ती कंपनीच्या तिजोरीत. दुसरी उघड, ती प्रत्येक यंत्रात. उघड किल्लीने मोहोर तपासता येते, पण उमटवता येत नाही. नोटेवरचे जलचिन्ह कोणीही उजेडात धरून पाहू शकतो, पण ते उमटवणे फक्त नोटांचा कागद बनवणाऱ्याला साधते, तसेच हे. मोहोर जुळली नाही तर यंत्र पुडके नाकारते. चोरापासून रक्षण करायला ही योजना नामी आहे.

पण एक प्रश्न उरतो. मोहोर खरी असली म्हणजे माल आपल्या हिताचा असतो काय?

१ एप्रिल २०१० रोजी या प्रश्नाचे उत्तर मिळाले. प्लेस्टेशन ३ विक्रीला आले तेव्हा त्यात एक विशेष सोय होती. मालकाला वाटले तर त्यावर ‘लिनक्स’ ही दुसरी प्रणाली बसवून त्याचा संगणक म्हणून उपयोग करता येई. कित्येकांनी त्या मोहाने ते घेतले. अमेरिकेच्या हवाईदलाच्या प्रयोगशाळेने तर न्यूयॉर्क राज्यातील रोम या गावी अशी सुमारे १,७०० यंत्रे एकत्र जोडून २०१० साली एक महासंगणक उभा केला! पण त्याच वर्षाच्या जानेवारीत जॉर्ज हॉट्झ नावाच्या अमेरिकन तरुणाने या लिनक्सच्या दारातूनच यंत्राच्या संरक्षक भिंतीला भोक पाडल्याचे जाहीर केले. कंपनीने सुरक्षेचे कारण दिले आणि एप्रिलच्या पहिल्या तारखेला ३.२१ क्रमांकाचे पुडके धाडले. त्यात नवे काही देण्यापेक्षा जुने काढून घेण्याचाच भाग मोठा होता. लिनक्सची सोय बंद झाली.

पुडके घेण्याची सक्ती नव्हती, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण न घेणाऱ्याला कंपनीच्या जाळ्यावर प्रवेश नाही, परगावच्या मित्रांशी खेळ नाही, आणि पुढचे जे खेळ व चित्रपट नवी आवृत्ती मागतील तेही नाहीत. म्हणजे पैसे मोजून घेतलेल्या दोन सोयींपैकी एक सोडा, कोणती ते तुम्ही ठरवा! कंपनीची बाजूही अगदीच पोकळ नव्हती. भिंतीला भोक पडले तर चोरीचे खेळ आत येणार, ही भीती खरी होती. परंतु भोक एकाने पाडले आणि दार सर्वांचे बुजवले. ग्राहकांनी अमेरिकेच्या न्यायालयात दावा लावला. तो अनेक वर्षे चालून शेवटी तडजोडीने मिटला. त्या पुडक्यावरची मोहोर मात्र शंभर टक्के अस्सल होती.

याच मोहोरेची पुढे काय गत झाली, तेही ऐकण्याजोगे आहे. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिन येथे संगणकाच्या जाणकारांचा वार्षिक मेळा भरला. तेथे ‘फेलओव्हरफ्लो’ नावाच्या मंडळाने व्यासपीठावर दाखवून दिले की, तिजोरीतली गुप्त किल्ली बाहेर बसूनही काढता येते. लिनक्सचे दार बंद झाल्यावरच जाणत्या लोकांनी या यंत्राकडे खरे लक्ष वळवले, असेही त्यांनी मांडले.

किल्ली निघाली कशी? लाखेची मोहोर उमटवताना दर वेळी एक नवीन, कोणालाही अंदाज करता येणार नाही असा आकडा घ्यावा लागतो. दोन अज्ञात राशी काढायला दोन समीकरणे लागतात, हे आपली शाळकरी मुलेही सांगतील. येथे गुप्त किल्ली ही एक अज्ञात राशी आणि तो आकडा ही दुसरी. प्रत्येक मोहोर म्हणजे एक समीकरण. दर वेळी आकडा नवा घेतला तर प्रत्येक समीकरणाबरोबर एक नवी अज्ञात राशी येते आणि गणित कधीच सुटत नाही. कंपनीने दर वेळी तोच आकडा वापरला होता! झाले, दोन मोहरा समोर ठेवल्या, दोन समीकरणे मांडली, वजाबाकी केली आणि किल्ली हाती आली. जानेवारी २०११ मध्ये हॉट्झने यंत्राची मूळ किल्ली प्रसिद्ध केली. कंपनीने त्याला कोर्टात खेचले. एप्रिलमध्ये समेट जाहीर झाला. मधल्या काळात कंपनीने नवी पुडकी काढून डागडुजी केली, पण विकल्या गेलेल्या यंत्रांच्या अगदी मुळाशी बसलेला भाग पुडक्याने बदलता येण्याजोगा नव्हता.

यावरून कोणी असे समजू नये की अपडेट घेऊच नये. अपडेटने बुजवलेली भोके उघडी ठेवणे म्हणजे कडी न लावता गावाला जाणे. या जुन्या यंत्रासाठी २०२४ सालीही पुडके निघाले. ब्लू-रे चित्रपट दिसत राहावेत म्हणून त्यांच्या किल्ल्या अधूनमधून बदलाव्या लागतात, हे अशा पुडक्यांचे एक कारण. तेव्हा ती घ्यावीत, पण डोळे उघडे ठेवून.

घरच्यांनी चार गोष्टी पाळाव्यात. पुडके यंत्राच्या मेनूतून किंवा बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावे. ‘मित्राने दिलेय’ म्हणून पेनड्राइव्हवरचे लावू नये. पट्टी भरत असताना वीज तोडू नये. आकाशात गडगडाट असेल किंवा दिवे मिचकत असतील तर ते काम दुसऱ्या दिवसावर टाकावे, कारण अर्धवट लिहिलेल्या सूचनांनी यंत्र कायमचे आंधळे होऊ शकते. मुलांनी जपलेल्या खेळांची एक प्रत आधी काढून ठेवावी. आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: “काय नवीन आले?” याबरोबरच “काय गेले?” हेही विचारावे. कंपनीने दिलेले टिपण दोन मिनिटांत वाचून होते. हेच घरातल्या मोबाइलला आणि दूरदर्शन संचालाही लागू आहे, कारण त्यांचीही पुडकी अशीच मोहोरबंद येतात.

मोहोर कोणाची आहे, एवढेच मोहोर सांगते. माल आपल्या उपयोगाचा की नाही, हे पारखणे घरधन्याचे काम. ते कोणत्याही किल्लीवर सोपवता येत नाही. तेव्हा या दिवाळीत मुलगा “घेऊ का?” म्हणून विचारील, तेव्हा वर्तमानपत्र क्षणभर खाली ठेवावे आणि म्हणावे, “थांब, आधी वाचून दाखव, आत काय आहे ते.” त्यालाही वाचायची सवय लागेल, आणि घरात काय येते-जाते ते आपल्यालाही कळेल.