रक्त पातळ करणारी गोळी आणि आपली भाषा

माझी आत्या भालकी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. लहानपणी आलेल्या ऱ्हुमॅटिक तापाने तिच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती. काही वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया करून तेथे धातूची कृत्रिम झडप बसवली. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून असेनोकुमारॉल नावाची गोळी जन्मभर घ्यावी लागते. तिला सांगितलेले प्रमाण असे होते : एक दिवस एक गोळी, दुसऱ्या दिवशी दोन.

कागद इंग्रजीत होता. औषधाच्या दुकानात समजावले गेले ते कन्नडमध्ये. दुसरी गोळी "दिना बिट्टु दिना", म्हणजे दिवसाआड. आत्याचे सारे आयुष्य कर्नाटकात गेले असले तरी घरात मराठीच, कानडी तिला बाजारापुरते येते. तिच्या कानांनी पहिला शब्द तेवढा धरला. 'दिना' म्हणजे रोज, हे तिला पक्के ठाऊक होते! ती रोज दोन गोळ्या घेऊ लागली.

त्यातच गुडघे दुखू लागले. गावातल्या दवाखान्यात तिला कमरेत दुखण्याचे इंजेक्शन दिले आणि डायक्लोफेनॅकच्या गोळ्या बांधून दिल्या. इतर कोणते औषध चालू आहे, हे कोणी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही. चौथ्या दिवशी इंजेक्शनच्या जागी काळीनिळी सूज आली, शौचाला काळे होऊ लागले. आम्ही तिला शहरात नेले तेव्हा तिचा आय.एन.आर. आठाच्या वर होता.

हा आकडा म्हणजे काय, हे मलाही तेव्हाच कळले. रक्त गोठण्यास नेहमीच्या मानाने किती पट वेळ लागतो, याचे ढोबळ माप म्हणजे आय.एन.आर. प्रयोगशाळा कोणतीही असो, आकडा सारखा यावा म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 1983 साली ही पद्धत रूढ केली. निरोगी माणसात तो एकच्या आसपास असतो. आत्याच्या झडपेसाठी तो अडीच ते साडेतीन हवा. याच्या खाली गेला तर गुठळी, पक्षाघात. फार वर गेला तर रक्तस्राव. इतकी अरुंद वाट असलेली औषधे फार थोडी आहेत.

या औषधांचा जन्मही कडब्याच्या गंजीत झाला म्हणायला हरकत नाही. 1920 च्या दशकात अमेरिकेत व कॅनडात सडका गोड क्लोव्हर चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्यातले द्रव्य शोधून काढले. त्याच कुळातले वॉरफरिन 1948 मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि 1954 पासून माणसांना औषध म्हणून मिळू लागले. आत्याची गोळी याच गोतातली. उंदराच्या औषधाचे हे नातेवाईक आपण चिठ्ठीभर इंग्रजीच्या भरवशावर घरी पाठवतो, याचे मला नवल वाटते.

नवी औषधे आली आहेत, त्यांना ही तपासणी लागत नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे; पण धातूच्या झडपेला ती चालत नाहीत. ऱ्हुमॅटिक हृदयविकारात नाडी अनियमित झालेल्या रुग्णांवरही 2022 साली प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस अभ्यासात जुनीच औषधे सरस ठरली. तेव्हा आपल्या खेड्यांतून ही गोळी इतक्यात जाणार नाही.

मग चूक कोणाची? आत्या अडाणी आहे, असे एका शिकलेल्या नातेवाइकांनी ताडकन सांगून टाकले. मला हे मान्य नाही. डॉक्टरांना वाटले सिस्टर सांगतील, सिस्टरना वाटले दुकानदार सांगेल, आणि दुकानदाराने सांगितलेही, पण समजले की नाही ते पाहिले नाही. "सांगा पाहू मावशी, आज किती गोळ्या घ्याल? आणि उद्या?" एवढे विचारण्यास अर्धे मिनिट लागते. एका सिस्टरच्या अंगावर वॉर्डभर रुग्ण असतात, हे मी पाहिले आहे. तरीही या एका औषधापुरते अर्धे मिनिट काढलेच पाहिजे, आणि कमरेत सुई टोचण्यापूर्वी "रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का?" हा प्रश्न गावच्या दवाखान्यातही झालाच पाहिजे.

पालेभाज्यांचेही तसेच. "हिरवे खाऊ नका" असे तिला कोणीतरी सांगितले होते. पाल्यातले व्हिटॅमिन के या गोळीच्या उलट काम करते, हे खरे. पण बंद करायचे नसते, रोजचे प्रमाण सारखे ठेवायचे असते. हिवाळ्यात मेथी-पालकाची चंगळ आणि उन्हाळ्यात काहीच नाही, अशा आपल्या जेवणात तर ऋतू बदलला की तपासणी हवी.

तपासणी कोठे करायची? कलबुर्गीला 2016 पासून जयदेव हृदयरोग संस्थेची शाखा आहे, बीदरहून 2017 पासून थेट रेल्वेही आहे. परंतु औराद किंवा भालकीकडच्या मजुरीवर जाणाऱ्या बाईने एका आकड्यासाठी दोन दिवसांचा रोज बुडवावा काय? बोटातून थेंबभर रक्त घेऊन काही मिनिटांत आय.एन.आर. सांगणारी छोटी यंत्रे आहेत. ती तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात असावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सीमाप्रश्नावर मी येथे काही लिहिणार नाही. मराठीत चिठ्ठी छापली की काहींच्या कपाळावर आठी पडते, हे ठाऊक आहे. पण अफजलपूर-आळंदकडची कन्नड बाई सोलापूरला जाते तेव्हा तिचीही हीच गत होत असणार.

आत्या आता बरी आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर एका गोळीच्या दिवशी एक रेघ, दोन गोळ्यांच्या दिवशी दोन रेघा, असे ती स्वतः करते. माझ्या वर्गातल्या कन्नड मित्राबरोबर मी एक कार्ड तयार केले : एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, मध्ये आकडा लिहिण्यास चौकटी. एका डॉक्टरांनी ते तपासून दिले. कन्नड बाजूला शुद्धलेखनाच्या दोन चुका निघाल्या, त्या कन्नड विभागाच्या सरांनी दुरुस्त केल्या. मराठी बाजूच्या चुका अजून कोणी दाखवल्या नाहीत. कार्ड ग्रंथालयात ठेवले आहे, कृपया पाहावे.